वासरंखाऊ

"वार परली काय गो?"

"नाय आत्याबाय. लोंबतेय अजून."

"मंग वासराला सोडू नको. तिकरं मेढीला बांध. वार परल्याबिगर चीक तोंडात गेला का हगवन लागलीच समज."

"थंडीनं कुडकुडतोय त्यो."

"कुडकुडू दे. आमचे सासऱ्यापासून असाच चाललाय. चार वासरा खाल्लीस सूनबाय, ह्यो पाचवा तरी ठेव मना."

एवढं सुनावून गंगाबाई गोठ्याबाहेर पडली आणि चुलीकडं गेली. भामा ओल्या गोऱ्ह्यापाशी उकिडवी बसून राहिली. गाय मान मागं वळवून हंबरत होती. गोऱ्हा धडपडत उठायचा, पुढच्या गुडघ्यांवर पडायचा, परत उठायचा. मायलेकरांच्या मधे दाव्याचं चार हात अंतर. गाय व्याली की मागून वार, म्हणजे जार, पडेपर्यंत वासरानं आचळाला तोंड लावायचं नाही, हा त्या घरचा कायदा होता. वार कधी तासाभरात पडे, कधी दुपार उलटे. मग पहिला चीक काढून चुलीवर चढे, खरवसाच्या वड्या आळीत फिरत, आणि उरल्या चार धारा वासराच्या नशिबी.

भामा जासईची. पंधराव्या वर्षी कळंबोलीत दिली, त्याला सात वर्षं झाली होती. पोटी अजून काही नव्हतं आणि गोठ्यात काही टिकत नव्हतं. ती आल्यापासूनची चारही वासरं दहा दिवसांच्या आत हगून हगून गेली. पहिलं गेलं तेव्हा गंगाबाई नशिबाला बोलली. दुसरं गेलं तेव्हा कुणाच्या तरी नजरेला बोलली. तिसऱ्यापासून ती सुनेच्या हाताकडं बघायला लागली, आणि गावाला तेवढंच पुरलं.

"काय गो वासरंखाऊ, यंदाचा कवा खानार?" विहिरीवर शेजारची जनी विचारायची.

"तुजा रेडकू ताजा हाय ना, तोच खातंय आदी," भामा म्हणायची आणि हंडा उचलायची.

तोंडाला ती कमी नव्हती. पण डोक्यावर हंडा घेऊन बांधावरून एकटी परतताना तिचं लक्ष स्वतःच्याच हातांकडं जायचं. शेणानं पिवळे पडलेले, मिठानं चिरा गेलेले, चारचौघींसारखे हात. यांच्यात असं काय आहे, ते तिला दिसत नव्हतं. आणि काही नाहीच, असंही छातीठोक म्हणवत नव्हतं.

गाय व्यायच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ विठू जासईहून आला होता. ओटीवर टेकला, पाणी प्याला आणि खाली बघून बोलला, "बाय, आये खाटेवर परलीय. पंधरा दिस झाले. तुजाच नाव काढते."

तीन वर्षं भामा माहेरी गेली नव्हती. तिनं सासूकडं बघितलं. नवऱ्याकडं, कमळाकरकडं बघण्यात हशील नव्हतं. तो मिठागरावर राबणारा माणूस, आणि घरात असला तरी मिठागरावरच असायचा. काही विचारलं की म्हणायचा, "मी काय सांगू? मी मिठागरावर हाय."

"जाईल ना," गंगाबाई म्हणाली. "कोन नाय बोलतो? गाय आज-उद्या वेनार. दहा दिस होऊ दे, गावदेवीला दूध पोचू दे, मंग घेऊन जा बहिनीला. वासरू उभा राहिला तर."

"नाय राहिला तर?" विठूनं विचारलं.

"नाय राहिला तर म्हैस गाभन हाय. तिचा बघू."

विठू दहाव्या दिवशी येतो म्हणून गेला. आणि भामाच्या आईचं तोंड बघणं त्या न जन्मलेल्या वासराच्या गांडीला बांधलं गेलं.

तर आता ते वासरू मेढीच्या खांबाला बांधायचं होतं. भामानं बांधलं. गाठ कशी मारली ते तिचं तिला ठाऊक. घरात पाणी नव्हतं म्हणून ती हंडा-कळशी घेऊन निघाली. गोड्या पाण्याची विहीर लांब, गावाच्या पार वरच्या अंगाला. जवळच्या दोन विहिरी होत्या, पण खाडीच्या शेजारानं मचूळ झालेल्या, गुरंसुद्धा नाक उडवत. भामा परत आली तेव्हा दावं मोकळं पडलं होतं. गोऱ्हा गाईच्या कासेला डोकी मारत चुटूचुटू पीत होता, तोंडाला पिवळा फेस, शेपटी नुसती वळवळत होती. आणि ती बघत असतानाच गाईनं पाठ वाकवली नि वार भस्सकन खाली आली.

"मेल्ये! काय केलास ह्यो!" गंगाबाई मागं उभी होती.

"सुटला, आत्याबाय."

"सुटला का सोडलास?"

"वार परली बघा. लवकर परली."

"वारंचा सांगू नको मना. आता हगला ना, तर तुज्या करनीनं हगला असा सगल्या गावात सांगंन."

आणि तिसऱ्या दिवशी तो हगला. पहाटे भामा शेण काढायला गेली तर गोठ्यात आंबूस घाण मारत होती. गोऱ्ह्याचं मागलं अंग ताकासारख्या पांढऱ्या पातळानं चिकटलेलं, शेपटीच्या केसांच्या गुठळ्या झालेल्या. हाच वास, हाच रंग, चारही वेळा असंच सुरू झालं होतं.

गंगाबाईनं बघितलं. तिच्या तोंडावर राग होताच, पण आपलं खरं झाल्याचं एक समाधानही होतं, ते तिला लपवता आलं नाही. तिनं काथ्याचं मुसकं गोऱ्ह्याच्या तोंडाला बांधलं. दूध बंद. पाणी बंद. आतलं पातळ आधी आटलं पाहिजे. कुड्याची साल उकळून कडू काढा तेवढा दोनदा घशात ओतला. "नाय थांबला तर परवा डाग देऊ," ती म्हणाली. म्हणजे विळा तापवून पोटावर टेकवायचा. मागल्या चारांच्याही पोटावर ते डाग होते. पुरताना भामानं बघितले होते.

पनवेलला गुरांचा दवाखाना होता. पण तिथं लोक बैल न्यायचे. तीन दिवसांचं वासरू खांद्यावर टाकून तासभर चालत कोण जातंय? भामानं रात्रीच्या जेवणाला विषय काढला, तर कमळाकर म्हणाला, "आयेला विचार. मी मिठागरावर हाय."

"तुमी आता पाटावर हाव," भामा म्हणाली.

त्यानं भाताचा घास गिळला आणि हात धुतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी खलील आला. हा पनवेलचा टांगेवाला. घोड्यासाठी पेंढा न्यायला दर वर्षी याच घरी यायचा. गंगाबाई लेकाची भाकरी घेऊन मिठागराकडं गेली होती. भामानं पदर पुढं ओढून पेंढ्याची उडवी दाखवली आणि बाजूला झाली. खलील भारे बांधता बांधता गोठ्याशी थबकला.

"भाबी, ये क्या जुलूम हाय? जनावराचं तोंड का बांधलं?"

"हगवन लागलीय, खलीलभाय. पानी तोडलाय."

"पाणी तोडलंय? मग मरणार ते." तो आत वाकला. गोऱ्हा पाय पोटाशी घेऊन पडला होता, डोळे खोबणीत गेलेले. खलीलनं त्याच्या मानेची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी तशीच उभी राहिली, वाळत घातलेल्या फडक्याची चुणी राहते तशी. "बघ. लगेच बसली असती तर खैर होती. उभी राहिली म्हणजे आतलं पाणी आटलं. हगून नाही मरत भाबी, सुकून मरतं."

"पन पानी घातला का जास्ती हगेल ना?"

"हगू दे. गेलं त्याच्यापेक्षा जास्त घाल. आमच्या घोडीच्या शिंगराला अब्बा तांदळाची पातळ पेज द्यायचे. चिमूट मीठ, खडा गूळ. थोडी थोडी, घंट्या-घंट्याला. आणि आईचं दूध पण थोडं थोडं. माझ्या बीवीनं, अमिरुन्निसानं, पोराला पण तेच पाजलं, जगला." तो हसला. "मिठागरवाल्यांच्या घरात मीठ नाही असं तर नाही ना?"

टांगा गेला. भामा गोऱ्ह्यापाशी जाऊन बसली. मग तिनं मुसकं काढलं.

चुलीवर पेज रोजचीच होती. तिनं ती पातळ केली, मीठ घातलं, गूळ घातला, चाखून बघितली, आसवांइतकी खारट झाली. बांबूच्या नळकांड्यानं ओतायला गेली तर गोऱ्हा ठसकला. मग तिनं दोन बोटं पेजेत बुडवून त्याच्या तोंडात दिली. तोंड आतून गार पडलं होतं. बराच वेळ काही नाही. मग जीभ हलली. बोटं ओढली गेली. भामानं बोटांसकट हात हळूहळू वाटग्यात खाली नेला आणि त्याच्यामागं गोऱ्ह्याचं तोंड आलं.

सासू यायच्या आत मुसकं परत चढलं.

तिथून पुढं भामाचा दिवस दोरीनं बांधल्यासारखा झाला. ऊन हातभर सरकलं की गोठा. शेण काढायचं निमित्त, कोंडा घालायचं निमित्त, काही नाही तर गोचिडीचं निमित्त. पाणी हा मोठा घोर होता. घरातला प्रत्येक तांब्या गंगाबाईच्या नजरेखालून जायचा. म्हणून भामानं आपली आंघोळ मचूळ पाण्यावर आणली, पिणंही कमी केलं, आणि विहिरीच्या दोन खेपा वाढवल्या. "हंडा गलतोय," ती म्हणाली. गंगाबाईनं हंड्याच्या बुडावरून हात फिरवला. हात कोरडा निघाला. तेव्हापासून तिचं लक्ष सुनेच्या पायांवर राहिलं.

पाचव्या दिवशी तिनं धरलंच. भामाची बोटं गोऱ्ह्याच्या तोंडात होती, मुसकं मांडीवर.

"कवापासून चाललाय ह्यो?"

"काल दुपारपासून."

"हगवनीवर पानी?"

"घट्ट होतेय, आत्याबाय. सकालपासून दोनदाच हगला. डोले बघा त्याचे."

गंगाबाईनं डोळे बघितले. मग ती गव्हाणीच्या कडेवर बसली. ओरडली नाही, तेव्हा भामाला जास्त भीती वाटली.

"काशीराम म्हाईत हाय तुला?"

भामाला नाव माहीत होतं. कमळाकरचा थोरला भाऊ, लहानपणी गेलेला. घरात त्याचं कुणी बोलत नसे.

"सात वर्साचा व्हता. पटकी आली तवा," गंगाबाई बोलायला लागली, ती गोऱ्ह्याशीच बोलत असल्यासारखी. "वैदू बोलला, पानी तोड. मी तोडला. घरात मी नि त्यो, दोगंच. सरपटत सरपटत रांजनापाशी यायचा. मंग मी रांजनावर पाट ठेवला नि पाटावर बसून राहिली. माज्या पायाला धरायचा. दुसरे रोजी सांजेला गेला." ती थांबली. "आन् आता तू सांगतेस, पानी द्यायचा असतो."

भामानं अमिरुन्निसाच्या पोराची गोष्ट गिळली.

"मानसाची गोष्ट येगली, आत्याबाय. वासराची येगली."

"येगली कशी?" गंगाबाई म्हणाली. "हगायची जागा सगल्यांना एकच हाय."

ती उठून गेली. डागाचं नाव त्यानंतर निघालं नाही. मुसकं खुंटीवर लटकत राहिलं. पण ती गोठ्यातही आली नाही, आणि भामा गोठ्यातून आली की तिच्याकडं बघायचंही टाळू लागली. घरात दोघींच्या मधे एक न दिसणारी भिंत उभी राहिली. भामाला वाटलं होतं की सासूनं बघितलं की मोकळं वाटेल. झालं उलटंच. आधी ती चोरी करत होती, आता प्रत्येक वाटगं पेज त्या म्हातारीच्या छातीवर ओतल्यासारखी वाटायची. आणि थांबवता तर येत नव्हतं.

सहाव्या दिवशी म्हैस व्याली. रेडी झाली, काळीभोर. भामा विहिरीवरून आली तर रेडी मोकळी होती नि आचळाला लागली होती, वार पडायची होती. दाव्याची गाठ आपोआप सुटण्यातली नव्हती. गंगाबाई परसात तोंड धूत होती, गरजेपेक्षा जास्त वेळ.

दहाव्या दिवशी गोऱ्हा उधळला. अंगणात शेपटी वर करून पळाला आणि जनीच्या वाळवणावरून गेला.

"बांध गो त्याला, वासरंखाऊ!" जनी ओरडली.

"तुज्या सांडग्यांवर हगला तर खायला देऊ नको कोनाला," भामा म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.

गंगाबाई दुधाचा तांब्या घेऊन गावदेवीला जाऊन आली. भामानं गाठोडं बांधलं. एक लुगडं, आईसाठी खरवसाच्या दोन वड्या, पुरचुंडीत मीठ. विठू पनवेलहून खलीलच्या टांग्यात बसूनच आला होता. खलीलला आणखी पेंढा हवा होता, परत जाताना दोघांना एस्टीपाशी सोडतो म्हणाला. उरणची एस्टी दुपारची.

"कशी हाय आये?" भामानं विचारलं.

"हाय," विठू म्हणाला. "बोलत नाय जास्ती. दाराकरं बघते."

भामा गाईच्या पाठीवर हात फिरवायला म्हणून गोठ्यात डोकावली, आणि तिला वास आला.

रेडी म्हशीच्या पायांशी उभी होती, पाय फाकून. मागचं सगळं पांढरं. चीक वेळेवर मिळूनही हगवण लागली होती. गोठा तोच, ओल तीच, गोऱ्ह्याची घाण त्याच जमिनीत मुरलेली. भामानं मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. बसली, पण आळसानं बसली.

गाठोडं काखेत तसंच. ती ओटीवर आली.

"रेडी हगतेय."

गंगाबाईनं तांब्या खाली ठेवला. विठूकडं बघितलं, टांग्याकडं बघितलं. "जा तू," ती म्हणाली. "मी बघतंय रेडीला. बोलले ना दहा दिस, झाले दहा दिस."

भामाला खरं वाटेना. तिनं घाईघाईनं पेज पातळ केली, मीठ किती, गूळ किती ते दाखवलं, बोटं कशी द्यायची ते दाखवलं. गंगाबाई रेडीसमोर बसली. वाटगं मांडीशी घेतलं. हात पेजेत घातला.

हात तिथंच राहिला.

"गार हाय पेज," ती म्हणाली.

भामानं कोमट करून आणली. गंगाबाईनं परत हात घातला.

"मीठ जास्ती झालाय."

"नाय झाला, आत्याबाय. द्या."

रेडी म्हातारीच्या गुडघ्याला ढुशा देत होती, तोंड उघडत होती. गंगाबाईचा हात मनगटापर्यंत पेजेत होता. ओठ घट्ट मिटलेले, नजर भिंतीवर. बाहेर घोड्यानं पाय आपटला. "बाय, एस्टी चुकंल," विठूनं हाक मारली. हात हलला नाही. पेजेवर साय धरायला लागली.

भामानं ओळखलं. हा हात आज उचलणार नाही, उद्याही नाही. म्हातारीच्या मनात द्यायचं होतं, आणि मनगट तिचं ऐकत नव्हतं. ती गेली तर रेडी परवापर्यंत सुकेल. नाही गेली तर तिकडं खाटेवरची बाई दाराकडं बघत राहील. कमळाकर मिठागरावर होता. जनीला सांगावं तर ती साऱ्या कुटुंबासकट मिठागरावर निघाली होती. भामा मनातल्या मनात दोन्ही बाजूंनी शोधून आली, मोकळी जागा कुठंच नव्हती. सात वर्षं हात वाईट म्हणून या गोठ्यात अडकली होती. आता हात चांगला निघाला, तर तोच अडकवत होता.

"मेला सगला घरच हगतंय," ती पुटपुटली आणि बाहेर आली.

"विठू, तू जा. मी चार दिसांनी येतंय."

"चार दिस?" विठू टांग्यातून उतरला. "बाय, चार दिसांचा मी तिला काय सांगू?"

"सांग... सांग म्हैस वेलीय आमची. रेडी झालीय." तिनं गाठोडं सोडून वड्यांची आणि मिठाची पुरचुंडी त्याच्या हातात दिली. "हा तिला भरव. बारीक करून भरव, गिललं नाय तर."

विठूला काहीतरी बोलायचं होतं. खलीलनं त्याच्या दंडाला धरून वर घेतलं. "चल भाई. उस्के हाथ में जान हाय एक," असं काहीसं म्हणाला. टांगा बांधाच्या वळणापर्यंत दिसला. मग पेंढ्याचा भाराच दिसला, मग तोही नाही.

भामा गोठ्यात आली. गंगाबाई तशीच बसलेली.

"कसाला थांबलीस?" तिनं भिंतीलाच विचारलं.

"सरा तिकरं," भामा म्हणाली. तिनं सासूचं मनगट धरून हात वाटग्याबाहेर काढला, पदरानं पुसला आणि वाटगं आपल्याकडं ओढलं. साय बोटानं बाजूला केली. रेडीनं बोटं धरली, सोडली, परत धरली. ही गोऱ्ह्यापेक्षा हट्टी होती. अर्धी पेज भामाच्या लुगड्यावर गेली, अर्धी आत.

वाटगं रिकामं झालं तेव्हा ऊन गव्हाणीपर्यंत आलं होतं. पुढची वेळ ऊन मेढीला टेकल्यावर. तोवर गोठ्यातली ओली जमीन खरवडायला हवी होती, वर राख टाकायला हवी होती, नाहीतर हे संपायचं नव्हतं. भामानं लुगड्याचा ओचा वर खोचला, कोपऱ्यातलं खोरं घेतलं आणि म्हशीच्या मागल्या पायाला चापट मारली.

"सर गो," ती म्हणाली, आणि खरवडायला लागली.